माशाच्या डोळ्यातले प्रहर

बहुतेक माशांना पापण्या नसतात. त्यांची बाहुलीही उजेड वाढला म्हणून आपल्यासारखी चटकन आकसत नाही. बऱ्याच अस्थिमत्स्यांत ती जवळजवळ आहे तेवढीच राहते. डोळा मिटून घेणे किंवा आत येणारा उजेड कमी करणे, हे दोन्ही उपाय त्यांना बंद. तरीही भर दुपारच्या उथळ पाण्यात आणि संधिप्रकाशात त्याच डोळ्यांनी त्यांचे भागते. कसे, याचे उत्तर डोळ्याच्या आतल्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात आहे. तिथल्या पेशी दिवसाच्या प्रहराप्रमाणे जागा बदलतात. उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आखडून प्रकाशाच्या बाजूला येतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी लांब होऊन मागच्या काळसर थरात दडतात, आणि त्या थरातले रंगकण पसरून त्यांना आडोसा देतात. अंधार पडला की सगळे उलट.

ही उजेडाला दिलेली साधी प्रतिक्रिया असती, तर तिच्यावर एक प्रकरण पुरे झाले असते. पण १९३७ साली वेल्श आणि ऑस्बर्न या दोघा अमेरिकी संशोधकांनी कॅटफिशच्या दृष्टिपटलाचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण अंधारात ठेवलेल्या माशांतही शंकुपेशींची ये-जा दिवस-रात्रीच्या हिशोबाने चालू राहते, असे त्यांना दिसले. पुढे १९८१ मध्ये बेथ बर्नसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा प्रश्न नव्याने हाती घेतला. माशांच्या शंकुपेशी अंधारातच, नेहमीच्या पहाटेच्या आधीच, आखडू लागतात असे त्यांनी दाखवले. उजाडलेले नव्हते, उजाडणार याची तयारी मात्र सुरू झाली होती.

ती तयारी कोण करवते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

सजीवांच्या आतल्या घड्याळाची कल्पना जुनी आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेराँ याने १७२९ साली लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले आणि त्याची पाने तरीही ठरल्या वेळी मिटतात-उघडतात हे टिपले. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ हा विषय कुतूहलाच्या कप्प्यातच पडून होता. कॉलिन पिटेंड्रिग आणि युर्गेन अशॉफ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्याला शिस्त लावली. खरी दैनिक लय कोणती, याच्या कसोट्या तेव्हा पक्क्या झाल्या. बाहेरचे सगळे संकेत काढून घेतले तरी ती साधारण चोवीस तासांनी फिरली पाहिजे. तापमान बदलले तरी तिचा वेग फारसा ढळता कामा नये. आणि उजेडाच्या साहाय्याने ती पुढे-मागे सरकवता आली पाहिजे. वाचकाने या तीन कसोट्या लक्षात ठेवाव्यात, कारण पुढच्या निम्म्याअधिक वादांचा निकाल त्यांच्यावर लागतो.

१९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी फळमाशीत ‘पिरियड’ नावाचे जनुक गाठले आणि घड्याळाला प्रथमच जनुकीय पत्ता मिळाला. याच वाटेने पुढे गेलेल्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. आज माहीत असलेली यंत्रणा थोडक्यात अशी. क्लॉक आणि बीमॅल ही दोन प्रथिने जोडीने डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात आणि ‘पिरियड’ व ‘क्रिप्टोक्रोम’ या घराण्यांतली जनुके चालू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने साठतात, एकमेकांशी जुळतात, पेशीकेंद्रात शिरतात आणि ज्या जोडीमुळे ती निर्माण झाली तिलाच थोपवतात. काही तासांत त्यांचे विघटन होते, अडसर जातो, चक्र पुन्हा सुरू होते. हीच जोडी इतर असंख्य जनुकांनाही वेळेवर चालू-बंद करते. पृष्ठवंशीयांत हा सांगाडा मासा, बेडूक, उंदीर, माणूस सगळीकडे एकच आहे.

माशांत फरक आहे तो संख्येचा. अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी अख्खा जनुकसंच दुप्पट झाला आणि घड्याळाच्या अनेक भागांच्या जादा प्रती उरल्या. जपानी संशोधकांनी २००० साली झेब्राफिशमध्ये एकदम सहा क्रिप्टोक्रोम जनुके नोंदवली. माणसाकडे दोनच आहेत. या जादा प्रतींनी कामे वाटून घेतली. काही घड्याळाच्या चक्रात राहिल्या, काही उजेड पडताच जाग्या होणाऱ्या झाल्या. अभ्यासकाला हे कटकटीचे वाटते, आणि आहेही. पण कामे अशी वेगळी झाल्यामुळेच ‘घड्याळ चालवणे’ आणि ‘घड्याळ जुळवणे’ या दोन गोष्टी माशात सुट्या करून पाहता येतात.

आता डोळ्याकडे. १९७२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या मेंदूतला एक छोटा पेशीसमूह नष्ट केला आणि प्राण्याच्या लयी मोडल्या. दृष्टिमज्जातंतू जिथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या अगदी वर असलेले हे केंद्र सस्तन प्राण्यांचे मुख्य घड्याळ ठरले. त्यानंतर काही वर्षे एक चित्र जवळजवळ गृहीत धरले गेले: घड्याळ मेंदूत, आणि डोळा म्हणजे बाहेर उजेड आहे की नाही हे मेंदूला कळवणारा शिपाई. या चित्राला पहिला मोठा तडा बेडकाच्या डोळ्याने दिला. जोसेफ बेशार्स आणि मायकेल युव्होन यांनी १९८३ मध्ये झेनोपस बेडकाचा डोळा शरीराबाहेर जिवंत ठेवला. मेलॅटोनिन तयार करण्याच्या साखळीतल्या एका विकराची पातळी त्या सुट्या डोळ्यात, अंधारातही, दिवस-रात्रीच्या हिशोबाने खालीवर होत राहिली. डोळ्याला मेंदूची गरज लागली नाही. १९९६ मध्ये जियानलुका तोसिनी आणि मायकेल मेनाकर यांनी हॅमस्टरच्या दृष्टिपटलात तेच दाखवले, आणि त्याच वर्षी ग्रेगरी केहिल यांनी झेब्राफिशच्या दृष्टिपटलात.

मग १९९८ आणि २००० साली डेव्हिड व्हिटमोर, निक फोक्स आणि पाओलो सासोने-कोर्सी यांचे शोधनिबंध आले आणि मासा या क्षेत्राच्या मध्यभागी आला. झेब्राफिशचे हृदय आणि मूत्रपिंड काढून बशीत ठेवले तरी त्यांच्यातली घड्याळाची जनुके लयीत चालतात, हे पहिले. त्या बशीवर थेट उजेड टाकला की हृदय-मूत्रपिंडाची घड्याळे त्यानुसार जुळतात, हे दुसरे, आणि जास्त चकित करणारे. सस्तन प्राण्यात उजेडाची बातमी डोळ्यावाटेच आत जाते. माशाच्या जवळजवळ प्रत्येक अवयवाला ती स्वतः कळते. २०१५ मध्ये झेब्राफिशच्या जनुकसंचातली प्रकाशग्राही ऑप्सिन मोजली गेली तेव्हा ती ४२ भरली, आणि त्यांपैकी फक्त १० नेहमीच्या अर्थाने पाहण्यासाठीची होती.

यातून निघणारा निष्कर्ष या प्रस्तावनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो पुरेसा ठासून सांगितला जात नाही. माशाच्या शरीराला वेळ कळण्यासाठी डोळ्याची गरजच नसेल, तर डोळ्यातले घड्याळ कशासाठी आहे? सस्तन प्राण्यात या प्रश्नाचे उत्तर नेहमी गढूळ होते, कारण तिथे डोळा दोन कामे करतो: पाहतो आणि मेंदूच्या घड्याळाला जुळवतो. माशात दुसऱ्या कामाचा भार कितीतरी हलका आहे. म्हणून माशाच्या डोळ्यातले घड्याळ हे मुख्यतः पाहण्याच्या सेवेतले घड्याळ म्हणून अभ्यासता येते.

ही सेवा कशी चालते याचा पहिला जनुकीय पुरावाही माशानेच दिला. टांगानिका सरोवरातला सिक्लिड मासा आणि एक भेक घेऊन हुआन कोरेनब्रॉट आणि रसेल फर्नाल्ड यांनी १९८९ मध्ये दंडपेशींतल्या ऑप्सिनचा संदेशवाहक आरएनए मोजला. त्याची पातळी दिवसभरात बदलते, आणि त्या बदलामागे उजेड आणि आतले घड्याळ दोन्ही आहेत, असे त्यांना आढळले. प्रकाश टिपणारा रेणूच वेळापत्रकाने तयार होतो, ही तेव्हा मोठी बातमी होती. फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेतून १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. मासा आयुष्यभर वाढतो, त्याचा डोळाही वाढतो, आणि त्या वाढत्या पडद्यात नव्या दंडपेशी सतत भरल्या जातात. त्यांना जन्म देणाऱ्या पेशींचे विभाजन रात्री अधिक होते. जुने टाकण्यालाही वेळ ठरलेली. गोल्डफिशवरच्या १९७८ च्या कामात ओ’डे आणि यंग यांनी दाखवले, की दंडपेशी आपल्या टोकाकडच्या जुन्या चकत्या उजेड झाल्यावर टाकतात आणि शंकुपेशी अंधार पडल्यावर. गिरणीत पाळी संपली की यंत्राची साफसफाई करतात, तसे ज्याची पाळी संपली तो झाडून घेतो.

नजरेचे काय? जनुक लयीत चालते म्हणून माशाला लयीत दिसते असे नव्हे. लेई ली आणि जॉन डाउलिंग यांनी १९९८ मध्ये नेमका हाच प्रश्न माशाला विचारला. गोल भांड्याभोवती काळी पट्टी फिरवायची आणि किती मंद उजेडात झेब्राफिश तिच्यापासून पळतो ते पाहायचे. संवेदनशीलता दुपार कलल्यावर सर्वाधिक आणि पहाटे उजेड येण्याआधी सर्वांत कमी निघाली, आणि सतत अंधारातही ही चढउतार टिकली. पुढे २००५ मध्ये ली यांच्या गटाने शंकुपेशींची संवेदनशीलता आणि लांब तरंगलांबीच्या ऑप्सिनचा आरएनए यांच्या लयी शेजारी ठेवून पाहिल्या. संबंध दिसला. मात्र तो सहसंबंध होता, कारण नव्हे, आणि संशोधकांनीही शीर्षकात तसेच म्हटले.

या दोन टोकांमध्ये, म्हणजे जनुक आणि नजर यांच्यामध्ये, जोडणीचे शास्त्र आहे. तिथे स्टुअर्ट मँगेल यांच्या गटाचे काम पायाभूत मानावे लागते. गोल्डफिशच्या दृष्टिपटलात विद्युतलेखन करून त्यांनी १९९६ मध्ये दाखवले, की अंधारातच ठेवलेल्या पडद्यातल्या पुढच्या पेशींना दिवसा शंकुपेशींचा आणि रात्री दंडपेशींचा संदेश मिळतो. २००८ मध्ये यंत्रणा स्पष्ट झाली. शंकुपेशी आणि दंडपेशी यांच्यात सूक्ष्म थेट जोड असतात. दिवसा डोपामिन हे जोड आवळून धरते. रात्री मेलॅटोनिन डोपामिनला दाबते, जोड मोकळे होतात आणि दंडपेशींचा मंद संदेश शंकुपेशींच्या मार्गाने वाहू लागतो. एक रसायन दिवसाचे, एक रात्रीचे, आणि दोघांमागे घड्याळ. चित्र सुबक आहे. थोडे जास्तच सुबक, असे म्हणायला जागा आहे, कारण मासे ते लगेच बिघडवतात. माशांत मेलॅटोनिनच्या विकराची दोन वेगळी जनुके आहेत, एक मुख्यतः दृष्टिपटलात आणि दुसरे मेंदूवरच्या पिनियल ग्रंथीत काम करते. ट्राउटच्या पिनियलमध्ये मेलॅटोनिन रात्री वाढते, अपेक्षेप्रमाणे; पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार ट्राउटच्या दृष्टिपटलात ते दिवसा जास्त असते. ‘मेलॅटोनिन म्हणजे रात्रीची खूण’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून आता काढायला हवे.

या घटकेला क्षेत्रातले सर्वांत परिपूर्ण उदाहरण कोणते, असे विचारले तर झ्युरिकच्या स्टीफन नॉयहाउस यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाकडे बोट दाखवावे लागेल. प्रकाशाचा संदेश सुरू करणाऱ्या रेणूंऐवजी तो थांबवणाऱ्या रेणूंकडे त्यांनी लक्ष दिले. एक प्रतिमा पुसली गेल्याशिवाय दुसरी नीट दिसत नाही. म्हणून रिकव्हरिन, अरेस्टिन, ऑप्सिन कायनेज यांसारखी थांबवणारी प्रथिने हालचाल पाहण्यासाठी कळीची असतात. झेब्राफिशच्या शंकुपेशींत यांपैकी बहुतेकांचा आरएनए लयीत चालतो, प्रथिनेही लयीत चालतात, आणि त्याला जुळणारा बदल डोळ्याच्या विद्युतआलेखात दिसतो: प्रतिसादातून सावरणे सकाळी जलद, संध्याकाळी संथ. अंधारात ठेवले तरी लय टिकते, उजेडाचे वेळापत्रक उलटे केले की तीही उलटते, आणि निशाचर उंदरात याच घराण्यातल्या जनुकांचा आरएनए बऱ्याचदा उलट्या क्रमाने खालीवर होताना सापडतो. जनुक, प्रथिन आणि कार्य असे तिन्ही मजले एकाच अभ्यासात मोजलेले फार थोडे शोधनिबंध आहेत.

कोवळ्या पिलांची गोष्ट आणखी टोकाची. फरिदा एमरान, डाउलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की झेब्राफिशची पिल्ले रात्री काही तास अंधारात गेल्यावर जवळजवळ आंधळी होतात. डोळ्याचा विद्युतप्रतिसाद मावळतो. शंकुपेशींच्या टोकाशी संदेश पुढे ढकलणाऱ्या फितीसारख्या रचना असतात, त्या सुट्या होऊन विखुरतात. मध्येच उजेड दाखवला तर प्रतिसाद अंशतः परततो, पण सतत अंधारात ठेवले तरी दिवसाच्या वेळी पिल्लू पाहू लागते, म्हणजे कारभार मुख्यतः घड्याळाचाच. अंधारात प्रकाशपेशी सतत कार्यरत असतात आणि त्याला ऊर्जा लागते. झोपलेल्या पिल्लाने हा खर्च का करावा?

हे घड्याळ पहिल्यांदा चालू कधी होते, यावर मात्र जुने भांडण आहे. २००० साली एका फ्रेंच गटाने लय आईकडून अंड्यातच येते असा दावा केला. केहिल आणि माकी कानेको यांनी काजव्याच्या चमकणाऱ्या विकराचे जनुक घड्याळाच्या जनुकाला जोडलेला झेब्राफिश तयार केला. त्याच्या लुकलुकण्यावरून २००५ मध्ये त्यांनी सांगितले, की लय उभी राहायला उजेडाचा अनुभव लागतो. डेकेन्स आणि व्हिटमोर यांनी २००८ मध्ये तिसरी बाजू मांडली: घड्याळे पहिल्याच दिवशी आपसूक सुरू होतात, फक्त प्रत्येक पेशीचे वेगळ्या वेळेला, उजेड त्यांना एका वेळेवर आणतो. पुस्तकाचा कल या तिसऱ्या मताकडे आहे. प्रस्तावनाकाराला तो पटतो.

डोळाच नसलेल्या माशांनी या क्षेत्राला दिलेले धडे इथे वगळता येत नाहीत. सोमालियाच्या भूगर्भातल्या पाण्यात लाखो वर्षे अंधारात राहिलेल्या एका आंधळ्या माशाचे घड्याळ उजेडाला दाद देत नाही, असे २०११ मध्ये दिसले. पण ठरल्या वेळी अन्न दिले तर ते चालते, आणि त्याचा फेरा ४७ तासांपर्यंत लांबतो. उजेडाला बधिर होण्यामागे दोन ऑप्सिन जनुकांतले बिघाड सापडले. मेक्सिकोच्या गुहांतल्या टेट्रा माशांची कथा वेगळी आहे. त्यांच्या पेशींत उजेडाने चालू होणारे एक घड्याळ-जनुक कायम चढलेले असते, जणू त्यांच्यासाठी सतत दिवसच आहे. डोळा जाणे आणि वेळ जाणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दोन प्रजातींनी त्या वेगवेगळ्या रीतीने तुडवल्या.

तर अशी या क्षेत्रात निदान चार घराणी नांदतात: सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची लांबी मोजणारे, विद्युतलेखन करणारे, जनुके गाठणारे, आणि निसर्गातल्या पाण्यात जाऊन वेगवेगळ्या माशांची तुलना करणारे. ती एकमेकांचे निबंध वाचतात, पण नेहमी एकमेकांची भाषा बोलत नाहीत. पहिल्या घराण्याने १९३७ मध्ये जे पाहिले, ते कोणत्या जनुकाच्या हुकमाने घडते याची पूर्ण साखळी आजही जोडलेली नाही. डोपामिन शंकुपेशी आखडवते हे बर्नसाइड यांच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात दाखवले. पेशीच्या आतला सांगाडा कसा हलतो हेही कळले. पण घड्याळाच्या जनुकांपासून त्या सांगाड्यापर्यंतचे मधले टप्पे अजून तुटक आहेत.

आणि एक पद्धतीचा प्रश्न आहे, जो वरवर किरकोळ वाटतो. जनुकाची हालचाल मोजताना त्याची तुलना अशा जनुकांशी करतात, जी सदासर्वकाळ सारखीच चालतात असे मानले जाते. कॅरन कार्लटन यांच्या गटाने २०१९ मध्ये सिक्लिड माशांच्या दृष्टिपटलात दाखवले, की ऑप्सिनप्रमाणेच ही तथाकथित स्थिर जनुकेही दिवसभरात बदलतात. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तेच हलत होते. सकाळी दहाला एका तळ्यातला मासा आणि दुपारी चारला दुसऱ्या तळ्यातला मासा तपासून ‘या दोन जातींची नजर वेगळी’ असा निष्कर्ष काढणारे किती निबंध यामुळे संशयास्पद ठरतात, याचा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही, मांडायला हवा. त्यांच्या अभ्यासात नाइल तिलापियाही होता. उजनीच्या बाजारात चिलापी म्हणून विकला जाणारा तिलापिया याच घराण्यातला.

हे सगळे आत्ताच का वाचावे? एक कारण पाण्यावर पडणारा रात्रीचा उजेड. बंदरे, पूल, किनाऱ्यावरची हॉटेले, आणि मुद्दाम लावलेले दिवे. नॉर्वे-स्कॉटलंडच्या सामन पालनात माशांची लैंगिक वाढ लांबवण्यासाठी हिवाळ्यात पिंजऱ्यांवर रात्रंदिवस दिवे ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्या किनाऱ्यावर एलईडी मासेमारीचा वाद पेटला, केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात तिच्यावर बंदी घातली, आणि तरीही सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पारंपरिक मच्छीमारांना आंदोलने करावी लागली. हा वाद मुख्यतः कोणाचे मासे कोण नेतो याचा आहे आणि तो तसाच राहावा. त्याला विज्ञानाचा मुलामा देण्याचे कारण नाही. पण ज्या माशाच्या पडद्यातले जोड त्या क्षणी रात्रीसाठी मोकळे झालेले आहेत, त्याच्या डोळ्यावर अचानक प्रखर पांढरा झोत पडल्यावर आत काय घडते, हा प्रश्न खरा आहे. त्याला हात घालणारी साधने आज तयार आहेत.

दुसरे कारण माणसाचे. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्राफिशमध्ये जोडीदार आहे, असे २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या जनुकसंचाच्या वाचनातून कळले. दृष्टिपटलाच्या अनेक आनुवंशिक आजारांची जनुके त्यातच येतात. झेब्राफिशचे दृष्टिपटल इजा झाली तर पुन्हा उगवते, आपले उगवत नाही. व्हिटमोर आणि रिकार्डो लारांजेरो यांनी २०१४ मध्ये दाखवले, की भ्रूणावस्थेत प्रकाशपेशी घडवणारी काही जनुके पुढे प्रौढ डोळ्यात घड्याळाच्या तालावर चालू लागतात. घडवणारी आणि वेळ राखणारी यंत्रणा एकाच हत्याराने काम करते, हे उपचार शोधणाऱ्यांनी दुर्लक्षिण्यासारखे नाही.

भारताशी या विषयाचे नाते उसने नाही. प्रयोगशाळांतला लाडका झेब्राफिश मुळात गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या शाखांतल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. जैविक घड्याळांच्या भारतीय अभ्यासाचा पाया एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराईत घातला, तिथल्या गुहांतल्या वटवाघळांवर. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत सौमेनकुमार मैत्र यांच्या गटाने कटला माशाच्या पिनियल आणि मेलॅटोनिनवर वर्षानुवर्षे काम केले. डोळ्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडची कमाई तुलनेने तुटपुंजी आहे. शिंगी, चिखलातला मांगूर, खाडीतले मासे, पावसाळ्यात महिनोन्‌महिने गढूळ होणाऱ्या नद्या, ही आपल्याकडची सामग्री आणि झ्युरिकसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळांच्या टाक्यांतली स्वच्छ पाण्याची परिस्थिती यांत मोठे अंतर आहे. गढूळ पाण्यात दुपारही अंधारी असते. तिथल्या माशाचे घड्याळ सूर्याचे ऐकते की पाण्याचे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रस्तुत पुस्तक या पसाऱ्यातून वाट काढताना एक निवड करते, आणि ती योग्य आहे. जनुकांची जंत्री देण्याऐवजी ते प्रत्येक लयीला तीच तीन कसोट्यांची परीक्षा द्यायला लावते, आणि पुढे विचारते: या लयीमुळे माशाला वेगळे दिसते का? जिथे उत्तर ‘हो’ आहे तिथे पुस्तक सविस्तर होते. जिथे केवळ आरएनएची वर-खाली होणारी रेघ आहे तिथे ते लवकर पुढे सरकते. झोप, प्रजनन आणि स्थलांतर हे विषय जवळचे असूनही बाहेर ठेवले आहेत. शार्क आणि पाकट यांच्यावर थोडेच आहे, कारण कामच थोडे झाले आहे. खोल समुद्रातल्या, सूर्य कधीच न पाहणाऱ्या माशांवर अधिक वाचायला आवडले असते.

ज्यांना रेणवीय जीवशास्त्राची सवय नाही त्यांनी दृष्टिपटलाची रचना सांगणारा भाग आधी वाचावा आणि जनुकांच्या नावांना घाबरू नये. तीच पाच-सहा नावे पुन्हापुन्हा येतात. ज्यांना ती सवय आहे त्यांनी उलट करावे, आधी माशाचे वर्तन वाचावे. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना मात्र एक वेगळी विनंती आहे. तुमच्या विभागात झेब्राफिशची टाकी असेल, तर तिच्यावरच्या दिव्याला टायमर लावून चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार हे प्रचलित वेळापत्रक काटेकोर पाळा. आणि विद्यार्थी कोणताही नमुना घेवोत, प्रयोगवहीत तारखेशेजारी दिवा लागल्यापासून किती तास झाले तेही लिहून घ्या.